विद्युत् प्रेषणमार्ग व भूधारकांचे हक्क

वीजनिर्मिती केंद्रापासून उपकेंद्रापर्यंत उच्च दाबाची वीज वाहून नेणाऱ्या मनोरे व तारा यांच्या मालिकेस विद्युत् प्रेषणमार्ग म्हणतात. तो खाजगी जमिनीवरून नेताना जमीन सामान्यतः संपादित केली जात नाही. तिचा फक्त वापर केला जातो. यासंबंधीच्या बहुतेक वादांचे मूळ या भेदात आहे.

भारतीय तार अधिनियमाच्या (१८८५) कलम १० अन्वये तार प्राधिकरणास खाजगी जमिनीत खांब उभारण्याचा व तीवरून तारा नेण्याचा अधिकार मिळाला. मात्र वापराखेरीज अन्य हक्क त्यास प्राप्त होत नसे. कमीत कमी नुकसान करणे व त्याची पूर्ण भरपाई देणे त्यावर बंधनकारक होते. वीज अधिनियमाच्या (२००३) कलम १६४ अन्वये शासनास हे अधिकार प्रेषण कंपनीस देता येतात. अशा वेळी मालकाची पूर्वसंमती आवश्यक नसते. त्याने विरोध केल्यास जिल्हा दंडाधिकारी कामास परवानगी देऊ शकतात. भरपाई अपुरी वाटल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. दूरसंचार अधिनियमात (२०२३) प्रेषणमार्गांपुरत्या या तरतुदी राखून ठेवल्या आहेत.

पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात औद्योगिक वसाहतींमुळे विजेची मागणी व जमिनीचे मोल ही दोन्ही वाढली. शेतीत तारांखाली कांदा किंवा बाजरी पिकविता येते. तेथे हानी मुख्यतः मनोऱ्याची जागा व उभे पीक यांपुरती असते. औद्योगिक पट्ट्यात जमिनीचे मोल बांधकामावर ठरते. वाऱ्याने तारा झोके घेत असल्याने २२० किलोव्होल्ट मार्गासाठी सुमारे ३५ मी. रुंदीचा पट्टा बांधकामरहित ठेवावा लागतो. एक एकराच्या चौरस तुकड्याच्या मधोमध असा पट्टा बाजूला समांतर गेल्यास निम्म्याहून अधिक जागा घर वा कारखाना यांस निरुपयोगी होते. सात-बारा उताऱ्यावर मालकाचे नाव कायम राहते, पण जमिनीची किंमत घटते. अल्पभूधारकास ही हानी विशेष जाचक होते.

केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये भरपाई ठरविताना जमिनीचे स्थान व तीवरून तारा कशा गेल्या आहेत हे पाहावे, असे सांगितले. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार २०१५ मध्ये मनोऱ्याखालील जागेस जमीनमूल्याच्या ८५ टक्के, तर तारांखालील पट्ट्यास कमाल १५ टक्के भरपाई ठरली. २०२४ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २०० व ३० टक्के झाले. राज्यांतर्गत मार्गांना या सूचना लागू करणे राज्य शासनाच्या स्वीकृतीवर अवलंबून असते. दर वाढले, तरी जमिनीचे मूळ मूल्य शेतीचे धरावयाचे की बांधकामयोग्य जागेचे, यावरच भरपाईची पर्याप्तता अवलंबून राहते.