मोटारीवरील पाण्याचे डाग

आंबा घाट चढून शाहूवाडी तालुक्यांत आलेली मोटार तांबड्या धुळीनें माखलेली असते. मालक ती भर उन्हांत धुतो आणि तशीच वाळूं देतो. घटकाभरांत काळ्या टपावर पांढरीं वर्तुळें उमटतात. हे डाग धुळीचे नव्हेत, पाण्याचेच होत.

विहिरीचें पाणी खडकांतून झिरपतांना चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेतें. थेंब वाळला, कीं पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात. पाणी तापविण्याच्या भांड्यांत जें पांढरें पुट बसतें, तेंच हें. तें बरेच दिवस राहिल्यास रंगाची झिलई कायमची जाते.

म्हणून मोटार सकाळीं, सावलींत, पत्रा गार असतां धुवावी. आधीं नुसत्या पाण्यानें धूळ वाहूं द्यावी. एरवीं फडक्याखालीं तिचे ओरखडे पडतात. मग वरून खालीं एकेक भाग धुऊन, थेंब वाळण्यापूर्वींच मऊ सुती फडक्यानें टिपावा. पावसाचें पाणी साठविलें असल्यास अखेरीस तेंच ओतावें. त्यांत क्षार जवळजवळ नसतात. ताजा डाग राहिलाच, तर पाणी घातलेला शिरका हलकेच लावून लगेच धुऊन टाकावा.