अंड्यांवरून डासांचा हिशेब

चातुर्मास सुरू झाला की काही दिवसांतच डेंग्यूच्या बातम्याही सुरू होतात. रुग्णसंख्या वर्तमानपत्रात छापून येते तेव्हा मात्र बराच उशीर झालेला असतो. डास चावल्यानंतर ताप येण्यास ४ ते १० दिवस लागतात. त्यापुढे रक्ततपासणी आणि नोंदणी. म्हणजे आज वाचलेला आकडा दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या डासांचा असतो. ताजा आकडा हवा असेल तर रुग्ण न मोजता डासांची अंडी मोजावी लागतात.

यासाठीचे साधन विलक्षण साधे आहे. १९६५ साली अमेरिकेत फे आणि पेरी या संशोधकांनी ते प्रचारात आणले. काळ्या रंगाचे एक भांडे, त्यात थोडे पाणी आणि पाण्यात अर्धवट बुडालेली खरबरीत लाकडी पट्टी, एवढेच. याला ‘ओव्हिट्रॅप’ म्हणतात. डेंग्यू पसरवणारी एडिस जातीची मादी अंधारी जागा आणि साचलेले पाणी शोधत येते व पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, ओलसर पृष्ठभागावर, अंडी चिकटवते. एकाच ठिकाणी सगळी अंडी न घालता ती अनेक भांड्यांत विभागून घालते. जोखीम विभागण्याचे हे तत्त्व व्यापारी वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही!

या पद्धतीचा शिस्तशीर वापर हाँगकाँगने केला. हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त तेथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना तो परिचित असेल. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागात अशी सुमारे ५०-६० भांडी आठवडाभर ठेवली जात. परत मिळालेल्या भांड्यांपैकी किती भांड्यांत एडिस डासाची वीण आढळली, त्याची टक्केवारी काढली जाई. समजा ५० भांडी परत आली आणि ७ मध्ये ती सापडली, तर निर्देशांक १४. हा आकडा ५ पेक्षा कमी असेल तर पहिली पातळी, २० पर्यंत दुसरी, ४० पर्यंत तिसरी आणि त्यापुढे चौथी. आकडे दरमहा जाहीर होत. बँकेच्या शाखातपासणीत आम्ही प्रत्येक खाते कधीच उघडत नसू. नमुना नीट निवडला तर थोडक्या खात्यांवरून शाखेची प्रकृती कळते. त्यामुळे मला ही रीत फार आपलीशी वाटते.

तरीही निर्देशांक म्हणजे अभयपत्र नव्हे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तेथे डेंग्यूची स्थानिक लागण झाली आणि लायन रॉक उद्यान लोकांसाठी बंद करावे लागले. २०२० पासून हाँगकाँगने अंड्यांच्या भांड्यांऐवजी, अंडी घालण्यास आलेली मादीच चिकटून राहील असे सापळे स्वीकारले. त्यामुळे अळ्यांची वाट न पाहता प्रौढ डासांची संख्या थेट कळते.

येथे आपल्या मनात प्रश्न उठणे स्वाभाविक आहे. अंडी नष्ट करणे असो वा मादी चिकटवणे असो, हिंसा आहेच. ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मोजणीच नसेल तर संपूर्ण वस्तीत सरसकट धूरफवारणी होते आणि तिच्यात डासांबरोबर इतर असंख्य कीटकही मरतात. कोणत्या गल्लीत वीण आहे हे कळले तर तेवढ्याच जागेचे पाणी उपसून भागते. घरी मात्र कोणी असा सापळा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका भांड्यावरून निर्देशांक निघत नाही आणि आठवड्यानंतर ते विसरले गेले तर तेच डासांचे जन्मस्थान ठरते.

आपल्या हाती आहे ती जयणा, म्हणजे जीवोत्पत्तीच होऊ न देण्याची काळजी. उकळलेले पाणी पावसाळ्यात तीन प्रहरांपलीकडे न ठेवण्याचा नियम अनेक घरांत कसोशीने पाळला जातो. पण त्याच कुटुंबाच्या गोदामामागे ताडपत्रीच्या खोळीत, जुन्या टायरात, बंद पडलेल्या कुलरमध्ये पाणी आठवडेच्या आठवडे साचून असते. एडिस डास सहसा फार दूर उडत नाही. त्यामुळे पेढीवर दिवसा चावणारा डास बहुधा आपल्याच आवारात किंवा शेजारच्या दुकानामागे जन्मलेला असतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगतात.

पक्ष्यांसाठी गच्चीवर ठेवलेल्या परळांकडे विशेष लक्ष द्यावे. केवळ पाणी बदलून उपयोग होत नाही, कारण अंडी काठाला चिकटलेली राहतात, कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागताच त्यांतून अळ्या निघतात. परळ एक दिवसाआड काथ्याने आतून, विशेषतः काठाजवळ, घासून उन्हात पालथे घालावे. दोन परळ ठेवले तर एक वाळत असताना दुसऱ्यात पक्ष्यांना पाणी मिळत राहते.