हमालाचा धनी कोण?

डाळ, तांदूळ, तेल आणि साबण एकाच छपराखालीं मिळावें, ही सोय आज पुण्यांतील कुटुंबांच्या अंगवळणीं पडली आहे. परंतु अशा साखळी-दुकानांचा अर्धा व्यवहार शहराबाहेरील गोदामांत चालतो. कारखान्यांतून आलेला माल तेथें उतरवावयाचा, निवडून रचावयाचा आणि मागणीप्रमाणें पुन्हां वाहनांत चढवावयाचा, असें हें काम असतें. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाला. त्यापूर्वीं राज्याबाहेरील विक्रीवर केंद्रीय विक्रीकर पडे. तो टाळण्यासाठीं कंपन्या राज्याराज्यांत लहान गोदामें ठेवीत. तें कारण उरलें नाहीं, तेव्हां थोड्या ठिकाणीं प्रचंड गोदामें उभारणें किफायतशीर झालें. भिवंडी व चाकण या परिसरांतील गोदामांच्या वाढीस या बदलानें मोठाच हातभार लावला.

नवें गोदाम उघडतें तेव्हां पुष्कळ हातांची गरज पडते. भरती दुकानाच्या नांवावर होते असें लोकांस वाटतें. परंतु ओझें उचलणाऱ्यांची नेमणूक पुष्कळदां ठेकेदारामार्फत होते. मग अपघात झाला, काम संपलें किंवा म्हातारपण आलें, तर या माणसाचा धनी कोण?

हा प्रश्न पुण्यास नवा नाहीं. नाना पेठ व भवानी पेठ येथील जुन्या भुसार बाजारांत हमाल सकाळीं एका पेढीचीं पोतीं उतरवी, तर दुपारीं दुसऱ्या पेढीच्या गाड्या भरी. धनी अनेक, म्हणूनच जबाबदार कोणी नाहीं, अशी ती स्थिति होती. १९५५ सालीं डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानें पुण्यांत हमाल पंचायत स्थापन झाली. मुंबईंत अण्णासाहेब पाटील यांनीं माथाडींना, म्हणजे माथ्यावर भार वाहणाऱ्यांना, संघटित केलें. या चळवळींचें फळ म्हणजे १९६९ चा माथाडी कायदा होय.

या कायद्याची युक्ति साधी, पण दूरदर्शी आहे. धनी एक नसेल, तर धन्याचीं कर्तव्यें एका मंडळानें सांभाळावीं. मंडळावर सरकार, मालक व कामगार या तिघांचे प्रतिनिधि असतात. हमाल व मालक या दोघांचीहि तेथें नोंद होते. मालक मजुरी मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही देतो. मजुरी हमालास मिळते. लेव्हींतून भविष्यनिर्वाह निधि, उपदान, बोनस, पगारी रजा व औषधोपचार यांची तरतूद होते. दहा पेढ्यांवर घाम गाळला तरी हिशेब एकाच खात्यांत जमतो.

नव्या गोदामांत यांत्रिक गाडे आले, मालाच्या खोक्यांवर सांकेतिक रेघा आल्या. तथापि अखेरचें खोकें पुष्कळदां माणसाच्याच हातानें उचललें जातें. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९६७ सालीं प्रौढ पुरुषानें वाहावयाच्या ओझ्याची शिफारस ५५ किलोंपर्यंत मर्यादित केली. गोदामांतील खोकीं बहुधा त्याहून हलकीं असतात, हें खरें. परंतु तीं दिवसभरांत असंख्य वेळां उचलावीं लागतात. कंबर पोत्यानें मोडते तशी खोक्यांनींहि झिजते.

याची दुसरीहि बाजू आहे. माथाडीचें नांव पुढें करून, काम न करतां पैसे उकळणाऱ्या टोळ्यांची तक्रार चाकणच्या कारखानदारांनीं वारंवार केली आहे. असा उपद्रव मोडलाच पाहिजे. मात्र खोट्या माथाडीच्या निमित्तानें खऱ्या माथाडीचें संरक्षण काढून घेणें हा न्याय नव्हे. नोंदवही चोख ठेवली, तर खोटा आपोआप उघडा पडतो आणि खऱ्याचा हक्क शाबूत राहतो.

म्हणून गोदामांत किती जणांस काम मिळालें, एवढ्यावरून भरतीचें मोल ठरूं नये. त्यांचीं नांवें कोणाच्या वहींत लिहिलीं गेलीं, आणि अंगांतील बळ ओसरल्यावर त्या वहींत त्यांच्यासाठीं काय शिल्लक राहील, यावरून तें ठरावें.