सातपुड्यात ‘दर्या’ कुठून आला?

शहाद्याहून धडगावकडे निघालं की सातपुड्याच्या दऱ्या लागतात. संगणकावर टाइप करताना मात्र त्यांचा बऱ्याचदा ‘दर्या’ होतो, म्हणजे थेट समुद्र!

असं का होतं? कळ दाबल्यावर कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, फक्त त्या कळीचा क्रमांक पाठवतो. वर्गात गुरुजी हजेरी क्रमांक पुकारतात आणि नाव वहीत असतं, तसंच हे. लिनक्समध्ये ही वही म्हणजे कीबोर्ड लेआउट. सेटिंग्जमधल्या ‘कीबोर्ड’मध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट जोडलं की नवी वही हाताशी येते. उबुंटूसारख्या गनोम डेस्कटॉपवर विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि स्पेस एकत्र दाबली की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते.

आता खरी गंमत. इनस्क्रिप्टमध्ये ‘जे’च्या कळीवर र आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की खाली टिंब असलेला ऱ उमटतो. ‘डी’वर हलन्त.

र, हलन्त, य असा क्रम दिला तर फॉन्ट रफार काढतो: दर्या. पहिलं अक्षर ऱ असेल तर यच्या आधी छोटी आडवी रेघ येते: दऱ्या. युनिकोडमध्ये या दोन्ही अक्षरांना वेगळे क्रमांक आहेत. नंदुरबारच्या मिरची ‘व्यापाऱ्या’लाही हाच टिंबाचा ऱ लागतो.