मार्कंड्याच्या जत्रेतला हिशेब

महाशिवरात्र जवळ आली की चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंडादेवला पालं पडायला लागतात. कुंकू-बुक्का, रुद्राक्ष, पितळी नाग, बांगड्या, पाळणे, खेळणी, बत्तासे, बुरडांच्या टोपल्या आणि सुपं. गडचिरोली-चंद्रपूरचे लोक येतात, तसे तेलंगण आणि छत्तीसगडकडचेही येतात. विकणाऱ्याने घेणाऱ्याला कधी पाहिलेलं नसतं आणि बहुधा पुन्हा पाहणारही नसतो. तरी पैसे हातातून हातात जातात, माल पिशवीत जातो आणि फारसं भांडण होत नाही. या व्यवहाराबद्दल गावोगाव जी ठाम मतं ऐकू येतात, त्यांतली बरीचशी तपासून पाहिली तर टिकत नाहीत.

“इथं नदी उलटी वाहते, अन् देवळं हेमाडपंतानं बांधली”

यात्रेत भेटणारा पहिला परका माणूस ही दोन वाक्यं हमखास सांगतो. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि एकंदरीत दक्षिणेकडे येते. मार्कंड्याजवळ तिला वळण आहे, त्यामुळे काही अंतर ती उत्तरेकडे जाते. म्हणून ती इथे उत्तरवाहिनी आणि म्हणून ही विदर्भाची काशी. पाणी उताराकडेच जातं. पुढे चपराळ्याजवळ वर्धा नदीला मिळून ती प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला भेटते.

हेमाडपंताचं तर आणखी सोपं आहे. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, यादव राजांचा मंत्री. मार्कंड्याची देवळं अभ्यासक नवव्या ते बाराव्या शतकांतली मानतात. म्हणजे बांधकाम होऊन गेल्यावर बांधणारा जन्मला, असं म्हणावं लागेल. विदर्भात चुन्याशिवाय रचलेलं कुठलंही जुनं दगडी देऊळ हेमाडपंती म्हणायची सवयच पडली आहे.

एवढ्यावरून सांगणाऱ्याला खोटारडा ठरवण्याचं मात्र कारण नाही. त्याने ऐकलेलं सांगितलं. त्यालाच विचारा की मागच्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं, कुठल्या बाजूने माणसं आंघोळीला उतरली, गाड्या कुठे अडल्या. ही उत्तरं बहुधा बरोबर येतील, कारण ती त्याने डोळ्यांनी पाहिलेली आहेत. 1870 च्या दशकात पुरातत्त्व खात्याचा अलेक्झांडर कनिंगहॅम मध्य प्रांतात फिरला आणि मार्कंड्याच्या देवळांचं वर्णन आपल्या अहवालात करून गेला. तोही इथला नव्हता. त्याचं लिखाण आज उपयोगी पडतं ते त्याने दगड स्वतः पाहिले म्हणून. परक्या माणसाचं शहाणपण घेताना मी एवढीच चाळण वापरतो. पाहिलेलं लगेच घ्यावं, ऐकलेलं तपासून घ्यावं.

“एवढी गर्दी! काहीही मांडा, खपतं”

हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो, म्हणून इथे जरा थांबू.

महाशिवरात्रीची गर्दी उपाशी असते. म्हणजे उपवासाची असते. त्या दिवशी कांदाभजी आणि मिसळ घेऊन बसणाऱ्याचं तेल तापतं आणि मन निवतं. साबुदाण्याची उसळ, शेंगदाणे, केळी, रताळी, खजूर, चहा, लिंबूपाणी हे चालतं. दुसऱ्या दिवशी उपवास सुटला की त्याच माणसांना तिखट हवं असतं. चौदा तासांच्या फरकाने गिऱ्हाईक बदलतं, माणूस मात्र तोच असतो. शिवाय माणूस आंघोळ आणि दर्शन झाल्याशिवाय पाकीट काढत नाही, आणि परतीच्या गाडीची वेळ झाली की समोर काहीही ठेवलं तरी थांबत नाही. या दोहोंच्या मधला वेळ तेवढा धंद्याचा. हे कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात शिकवत नाहीत. बाजूच्या पालातला, वर्षानुवर्षं यात्रा करणारा माणूस चहाच्या एका कपात सांगतो.

आता धंद्याच्या ध्येयाकडे येऊ. बचत गटातल्या दोघी जणी पहिल्यांदा उसळ घेऊन बसायचं ठरवतात असं समजा. हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. जागेला 300 रुपये, जाण्यायेण्याला 400, गॅस आणि द्रोणांना 500, आणि 150 द्रोणांचं सामान 1,800. एकूण गुंतवणूक 3,000. एक द्रोण 30 रुपयांना. म्हणजे पहिले 100 द्रोण गेले की मुद्दल वसूल. उरलेले 50 गेले तर हातात 1,500. दोघींचा तयारीचा एक दिवस आणि विक्रीचा एक दिवस धरला तर माणशी रोज 375 रुपये पडले. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी महाराष्ट्रात 312 रुपये होती. म्हणजे सगळं खपलं तर मजुरीपेक्षा थोडं वर. आणि 120 च खपले तर हाती 600, म्हणजे माणशी रोज 150. मजुरीच्या निम्म्याहूनही कमी.

यात्रेला किती हजार माणसं आली हा आकडा या हिशेबात कुठेही येत नाही. त्यांच्या पालासमोर थांबणाऱ्या शंभराव्या आणि दीडशेव्या माणसामध्ये सगळा खेळ आहे. म्हणून “यंदा यात्रेत भरपूर कमवायचं” हे ध्येय नव्हे, ती इच्छा आहे. ध्येय असं असतं: दुपारी बारापर्यंत 60 द्रोण. तेवढे गेले नाहीत तर उरलेला साबुदाणा भिजवायचाच नाही, कोरडा घरी न्यायचा. संध्याकाळी वहीत तीन ओळी, किती केले, किती गेले, कोणी काय मागितलं जे आपल्याकडे नव्हतं. तिसरी ओळ सगळ्यांत मोलाची, कारण ती परक्या माणसांनी फुकट दिलेली असते. पंधरा जणांनी “ताक आहे का?” विचारलं असेल तर पुढच्या वर्षीचा धंदा त्यांनीच सांगून ठेवला.

“मोठं स्वप्न पाहा, श्रद्धा ठेवा, देव पाठीशी आहे”

सोळा वर्षांचंच आयुष्य घेऊन आलेल्या मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारली आणि यमाला परत जावं लागलं, ही इथली कथा. हल्ली ती व्यवसायाच्या भाषणांतही वापरतात, की धरून ठेवा, सोडू नका. मला हे पटत नाही. मार्कंडेयाने मिठी मारली ती देवाला, न खपलेल्या मालाला नव्हे. तोट्याचा धंदा घट्ट धरून बसण्याला पुराणात आधार शोधू नये. श्रद्धा मनाला बळ देत असेल, जरूर द्यावं, पण किती साबुदाणा भिजवायचा हे ती सांगत नाही.

“परक्यावर विश्वास ठेवला की बुडालाच”

उलट पाहा. गावातल्या दुकानदाराची उधारी कोणाकडे अडकते? भाच्याकडे, शेजाऱ्याकडे, मामेसासऱ्याकडे. त्यांना नाही म्हणता येत नाही आणि वहीही दाखवता येत नाही. परक्याकडून आपण रोख घेतो, मोजून घेतो. ओळखीने विश्वास मिळतो खरा, पण तपासायची सोय जाते.

आपल्या झाडीपट्टीत याचा फार मोठा दाखला आहे. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा सुरू होतात, मग शंकरपटाच्या बैलशर्यती, आणि रात्रभर नाटकं. गावातलं मंडळ वडशाला जातं, नाटक कंपनीच्या कार्यालयात बसतं, तारीख ठरवतं, बयाणा देतं. कंपनीतले कलावंत गावाला अनोळखी, गाव कंपनीला अनोळखी, आणि तिकीट काढून येणारे प्रेक्षक पंचक्रोशीतले. तरी दिवाळीपासून होळीपर्यंत हा व्यवहार चालतो आणि कितीतरी घरं त्यावर जगतात. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. इथला विश्वास भाबडा नाही. आधी थोडे पैसे, बाकीचे ठरल्या वेळी, आणि या गावाने फसवलं तर पुढच्या गावाला कळणार हा धाक. मंडळाचं ध्येयही बेताचं असतं. एक रात्र, एक नाटक, खर्च निघून गावच्या कामाला काही उरावं.

बचत गटही याच वाटेने उभे राहिले. नाबार्डने 1992 मध्ये गट आणि बँक जोडायला सुरुवात केली ती अवघ्या 500 गटांपासून. दहा ते वीस बायका, नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड, आणि वही. बँकेचा साहेब परका, बायका त्याला परक्या. मध्ये वही आली आणि दोघांचं भागलं.

फसवणारे असतातच. यात्रेत मोबाईलवर पैसे घेताना समोरच्याचा पडदा पाहून माल देऊ नका, आपल्या फोनवर किंवा बोलणाऱ्या डबीवर पैसे आल्याचं कळू द्या. गर्दीत नेटवर्क अडलं तर रोख मागायला लाजू नका. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. सकाळी पाल लावताना आपल्या क्यूआर कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटवलेला नाही ना, तेही बघा. आणि महिन्यात रक्कम दुप्पट करून देणारा कितीही गोड बोलला, अगदी कपाळाला भस्म लावून आला, तरी त्याला चहा पाजून वाटेला लावा.

“शहाणपण शहरातून येतं, जंगलातल्यांना शिकवावं लागतं”

यावर मेंढा (लेखा) हे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंडांचं गाव पुरेसं उत्तर आहे. चंद्रपूरकडून कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल तिथे गेले ते अभ्यासाला. गावचे देवाजी तोफा आणि ते, दोघांनी मिळून अभ्यासगट चालवला. त्या गटात बाहेरचा कोणीही यायचा, वकील, अधिकारी, संशोधक, आणि जे ठाऊक असेल ते मांडायचा. पण निर्णय अभ्यासगटात व्हायचा नाही. तो ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं. परक्याचं शहाणपण घ्यावं कसं आणि त्याच्या आहारी न जाता घ्यावं कसं, याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. पाहुण्याला बोलायचा हक्क, ठरवायचा मात्र घरच्यांना.

याच रीतीने गाव व्यवसायापर्यंत पोचलं. वनहक्क कायदा 2006 चा. मेंढ्याला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांमध्ये. हक्क मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखात्याच्या हातात. तो अडला. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. घेणारे व्यापारी अर्थातच परके.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सुमारे हजार हेक्टरांचा हक्क मिळाला. त्यांनीही बांबू विकला, पण तेंदूपत्ता विकायचा नाही असं ठरवलं. पत्त्यासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, आणि पिकलेलं तेंदूचं, म्हणजे टेंभुर्णीचं, फळ माणसाला-पाखराला मिळत नाही. हातात येणारे पैसे सोडून देणं हेही व्यवसायाचं ध्येयच आहे. बाहेरच्या सल्लागाराने ते कागदावर लिहिलं नसतं, असं मला वाटतं.

“पहिल्यांदा कर्ज, मग धंदा”

इथे थोडक्यात. मुद्रा योजनेत 2015 पासून शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. पण उसळीच्या वर मांडलेल्या हिशेबाला 50,000 लागतच नाहीत, 3,000 लागतात, आणि तेवढे गटातून निघतात. एक यात्रा स्वतःच्या पैशांवर करा, एक मंडई करा, एक आठवडी बाजार करा. प्रत्येक ठिकाणी त्या तीन ओळी लिहा. मग ती वही घेऊन बँकेत जा. तिथला अधिकारी तुम्हाला ओळखत नाही, पण आकडे ओळखतो. एवढ्या रकमेच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये असा नियम आहे. मागितलंच तर कारण लेखी द्या म्हणा, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.