नवे सील बसवले, तरी पाणी का गळते?

उन्हात नांगर धरणाऱ्या माणसाला घाम येतो. घामाने अंग निवते. मोटारीच्या इंजिनाला घाम येत नाही. त्याच्या अंगात सारखे पाणी फिरवावे लागते. पंप हे पाणी फिरवतो. पुढच्या रेडिएटरमध्ये ते वाऱ्याने थंड होते आणि पुन्हा इंजिनात जाते. हे पाणी कमी झाले, की इंजिन तापते. फार तापले, तर जाम होते.

गडचिरोली जिल्ह्यात जुन्या जीपगाड्या पुष्कळ वर्षे चालल्या. 1947 साली देश स्वतंत्र झाला. त्याच सुमारास महिंद्रा कंपनीने मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. पुढे या गाड्या जंगलातल्या रस्त्यांवर आल्या. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे 200 किलोमीटर. वाटेत जंगल. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम, आणि पारा 45 अंशांच्या वर! समजा, अशा दुपारी एखाद्या टोल्यावरून बाळंतीण बाईला दवाखान्यात न्यायचे आहे. गाडी वाटेत तापून थांबली तर काय होईल? म्हणून पाण्याची गळती ही लहान गोष्ट नाही.

गाडीवाला मिस्त्रीकडे जातो. मिस्त्री हेड खोलतो, नवी गॅसकेट टाकतो, पंपाचे सील बदलतो. पैसे दिले, गाडी निघाली. चार दिवसांनी पुन्हा खाली पाण्याचे थेंब! गाडीवाला म्हणतो, "मिस्त्री, सारं नवं टाकलं ना जी? मग आता का झालं?"

याचे कारण समजून घेऊ या.

डाळ शिजवायचा कुकर पाहा. झाकण घट्ट बसले, की आत दाब वाढतो. रेडिएटरचे झाकणही तसेच असते. दाबामुळे पाणी 100 अंशांवर उकळत नाही. त्याहून जास्त तापले तरी ते टिकते. जुने सील गळत होते, तेव्हा आत पुरा दाब धरतच नव्हता. आता सील पक्के झाले. दाब पुरा धरू लागला. मग तो दुसरी कच्ची जागा शोधतो. कुठे जुनी रबरी नळी, कुठे ढिली क्लिप, कुठे रेडिएटरचा सांधा. जुन्या लुगड्याला नवे ठिगळ लावले, की ते ठिगळाच्या शेजारी फाटते. तसेच हे आहे.

दुसरे कारण कामाच्या रीतीत असते. इंजिनाचे खालचे अंग म्हणजे ब्लॉक. वरचे झाकण म्हणजे हेड. दोहोंच्या मधे गॅसकेट बसते. जुन्या गॅसकेटचा कण जरी चिकटून राहिला, तरी नवी नीट बसत नाही. इंजिन एकदा फार तापले असेल, तर हेड वाकडे होते. अशा हेडवर सरळ पट्टी ठेवली, की खाली फट दिसते. ते आधी मशीनवर सपाट करून घ्यावे लागते. बोल्ट कसायचेही नियम आहेत. मधून सुरुवात करून बाहेर जायचे. एका दमात कसायचे नाही. दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने, कंपनीने सांगितले तेवढेच कसायचे. बोल्टच्या भोकात पाणी किंवा तेल राहू द्यायचे नाही. आणि चिकट पेस्ट फार लावायची नाही. जास्तीची पेस्ट आत जाते आणि पाण्याची वाट बुजवते.

आता गळती शोधायची कशी?

इंजिन थंड असताना रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. सकाळी डाग पाहा. डागाच्या वर बोट धरून जागा शोधा. पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असते. तिथून थेंब येत असेल, तर पंपाचे आतले सील गेले आहे. ते भोक बुजवू नका. गळती कळावी म्हणूनच ते ठेवलेले असते.

खाली डाग नाही, तरी पाणी कमी होते? मग ते आत जाते आहे. तेलाची कांडी काढून पाहा. तेल दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. इंजिन गरम झाल्यावरही मागून पांढरा धूर येत राहिला, तर पाणी आत जळते आहे. अशी गाडी चालवू नका. मिस्त्रीला हेड पुन्हा खोलायला सांगा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. काम झाल्यावर नळ्यांत हवा अडकलेली असते. गाडी चालली, की ती हवा निघते आणि पाणी थोडे उतरते. एक-दोनदा असे झाले, तर घाबरू नका. इंजिन थंड झाल्यावर पाणी पुरे करा. रोजच उतरत असेल, तर ती गळतीच समजा.

काही ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकतात. हळद फुगते, बारीक भोक बुजते, आणि गाडी गावापर्यंत पोचते. अडल्या वेळी हे ठीक. पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. म्हणून गावी पोचताच ती धुऊन काढा आणि खरी दुरुस्ती करा. नुसते विहिरीचे पाणीही रोज घालू नका. त्यातल्या क्षारांचे आत किटण धरते. कूलंट आणि शुद्ध पाणी कंपनीच्या सांगण्याप्रमाणे मिसळून भरा.

कूलंट चवीला गोड, पण विषारी असते. सांडले तर लगेच पुसा. लेकरे आणि कुत्री त्यापासून दूर ठेवा.

शेवटी सगळ्यांत मोठा नियम. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. उकळते पाणी उसळून तोंड-हात भाजतात. गाडी सावलीत उभी करा, इंजिन बंद करा, आणि झाकणाला हात लावता येईल इतके थंड होऊ द्या. तापल्या इंजिनात एकदम गार पाणीही ओतू नका. लोखंडाला तडा जातो.

दुरुस्तीनंतर आठ दिवस रोज सकाळी पाणी पाहा. त्याला दोन मिनिटे लागतात. मगच लांबच्या वाटेला गाडी काढा.