घेरदार झग्यामागचा हिशेब

मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली, की आरशापुढे तिचा वेळ वाढतो आणि घरात कुरबुर सुरू होते. हे काही आपल्याच घरी होतं असं नाही. आज आम्ही सांगणार आहोत ऐंशी वर्षांपूर्वीच्या अमेरिकेची गोष्ट.

त्या सुमारास तिथली बहुतेक पोरं-पोरी हायस्कुलात जाऊ लागली होती. दिवसभर सारखी संगत बरोबरीच्यांची. मग त्यांचा पेहरावही निराळा झाला. घोट्यापाशी दुमडलेले पांढरे मोजे, सैल स्वेटर, उंच बांधलेली केसांची शेपटी. या वयाला 'टीनएजर' हा शब्दही तेव्हाच रूढ झाला.

बाजाराने हे बरोबर हेरलं. सप्टेंबर १९४४ मध्ये मुलींसाठी 'सेव्हन्टीन' मासिक निघालं. त्यांनी मुलींची पाहणी करून 'टीना' नावाची एक मुलगी कल्पनेनं उभी केली आणि कंपन्यांना दाखवली. ही तुमची गिऱ्हाईक, हिला काय हवं ते आम्हाला ठाऊक आहे!

पण सगळंच बाजारानं दिलं नाही. १९४७ मध्ये ज्युली लिन शार्लो या तरुणीला नाताळच्या मेजवानीला जायचं होतं. हातात पैसा नाही, शिवण येत नाही. तिनं फेल्ट घेतलं. आपल्या बुरणुसासारखं, लोकर दाबून केलेलं कापड. त्याचे धागे सुटत नाहीत, म्हणून काठ दुमडावा लागत नाही. मोठा गोल कापला, मधे कमरेपुरतं भोक, वर चित्रं चिकटवली. झाला घेरदार झगा! पुढे त्यावर कुरळ्या केसांचा पूडल कुत्रा आला आणि देशभरच्या मुलींना तो झगा हवासा झाला.

आता दुसरा पोशाख. ४ सप्टेंबर १९५७, लिटल रॉक गाव. पंधरा वर्षांची काळी मुलगी एलिझाबेथ एकफर्ड गोऱ्यांच्या शाळेत पहिल्या दिवशी निघाली, घरी शिवलेला नवा पोशाख घालून. बंदूकधारी शिपायांनी तिला अडवलं, जमाव अंगावर ओरडत आला. जाहिरातींतल्या 'टीना' बहुतेक गोऱ्याच असायच्या. एलिझाबेथ त्यांत कुठे नव्हती. त्याच महिन्यात लष्कराच्या पहाऱ्यात ती शाळेत गेलीच.

नवा कपडा घालून चारचौघींत मानानं उभं राहावं, हे दोघींनाही वाटलं. आपल्या लेकीलाही तेच वाटतं. म्हणून तिला गप्प बसवू नका. जाहिरातीतली मुलगी कोण आणि तिच्यात आपण का दिसत नाही, हे तिच्याशी बोला. पैशाचा हिशेबही तिच्यासमोरच मांडा.